मडमेची पेटी आणि चांदी घासणारे हात

भीमजयंतीच्या गायन पार्टीला एक जुनी पेटी हवी होती. नवी घ्यायची तर जमलेली वर्गणी पुरत नव्हती. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघेजण मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर जाऊन पोहोचलो. जुने ग्रामोफोन, झुंबरे, जहाजावरची घड्याळे यांच्या ढिगाऱ्यात बसलेल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराला विचारले, "चाचा, पेटी आहे का?" तो म्हणाला, "आहे की!" आणि आत जाऊन त्याने दोन्ही हातांनी तोलत एक पेटी आणून समोर ठेवली. ती हार्मोनियम नव्हती. काळपट तपकिरी लाकडाची, कडांना पितळी पट्ट्या मारलेली, वर मधोमध कोण्या मडमेच्या नावाची दोन अक्षरे कोरलेली ती शृंगारपेटी होती!

आम्ही हसलो. पण त्याने झाकण उघडले आणि आमचे हसू थांबले. आत जांभळी मखमल. झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा. आरसा बाहेर ओढला तर त्याच्यामागे पत्रे ठेवण्याचा चामडी कप्पा. खाली एकेका खोबणीत चपखल बसवलेल्या काचेच्या कुप्या आणि डब्या, आणि प्रत्येकीवर नक्षीचे चांदीचे झाकण. दुकानदाराने कडेचे एक बारीक बटण दाबले तसा पेटीच्या तळातून एक खण खट्कन बाहेर आला. दागिन्यांचा चोरखण! खण रिकामा होता. काही कुप्याही नाहीशा झाल्या होत्या. तरीही त्याने सांगितलेली किंमत ऐकून आम्ही पेटीवरचा हात काढून घेतला.

हात काढला, पण डोक्यातून पेटी गेली नाही. ही कोणाची? कोणी बनवली? आणि मुख्य म्हणजे, एवढे ओझे उचलत कोण होते? वाचक भगिनींनो, त्या प्रश्नांच्या मागे लागून जे हाती आले ते आज तुमच्यापुढे ठेवतो आहोत.

इंग्लंडात अशा पेट्या अठराव्या शतकाच्या शेवटी निघाल्या. पहिल्यांदा त्या पुरुषांसाठी होत्या. दाढीचे वस्तरे, साबण, ब्रश, असा सरंजाम घेऊन जमीनदार आणि फौजी अधिकारी घोडागाडीतून प्रवासाला निघत. पुढे एकोणिसाव्या शतकात बायकांच्या पेट्या निघाल्या आणि त्यांनी पुरुषांच्या पेट्यांना केव्हाच मागे टाकले. राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, त्यांची चलती होती. श्रीमंताघरची लेक लग्न होऊन निघाली की सोबत अशी पेटी असायची.

पेटीत काय काय असे? कोलनवॉटर आणि गुलाबपाण्याच्या उंच कुप्या, तोंडाला लावायच्या मलमाची डबी, पावडरीची डबी, साबणाची डबी, दातांच्या ब्रशासाठी लांबट नळी, दंतमंजन, हुंगायच्या मिठाची कुपी. हे हुंगायचे मीठ कशाला, असे आम्हालाही वाटले. कमरेला हाडांच्या काड्यांची चोळी इतकी आवळलेली असे की बाईला नीट श्वास घेता येत नसे आणि घेरी येई. तेव्हा ती कुपी नाकाशी धरायची! वरच्या तबकात शिंपल्याच्या मुठींची बारीक हत्यारे असत: नखे कोरायची, कातरायची, सुईदोऱ्याची. बुटांना बटणांची रांग असायची, ती अडकवायला चांदीच्या मुठीचा आकडा. हातमोजे इतके घट्ट की त्यांची बोटे आधी फाकवून घ्यायला एक लाकडी वा हस्तिदंती चिमटा. केसांचे ब्रश, कपड्यांचे ब्रश, कंगवे. शाईची दौत आणि काड्यापेटीची डबीसुद्धा. सगळे मोजले तर चाळीस-पन्नास नग सहज भरतील.

आपल्या भिक्खू संघाच्या अष्ट परिष्कारांची इथे आठवण झाल्यावाचून राहिली नाही. तीन चीवरे, एक पात्र, एक कमरपट्टा, वस्तरा, सुई आणि पाणी गाळायचे फडके. एवढ्यावर माणसे श्रावस्तीहून राजगृहाला पायी जात होती. असो.

आता त्या चांदीच्या झाकणांकडे वळू. कारण खरी गंमत तिथे आहे. भिंग घेऊन पाहिले तर प्रत्येक झाकणावर, कडेला किंवा आतून, तांदळाच्या दाण्याएवढे ठसे ओळीने मारलेले असतात. ते वाचता आले तर झाकण स्वतःची जन्मपत्रिका सांगते. चालणारा सिंह असला म्हणजे चांदी इंग्लंडची आणि पूर्ण कसाची, हजार भागांत ९२५ भाग शुद्ध. बिबळ्याचे तोंड असले तर कस लंडनला तपासला. नांगर असला तर बर्मिंगहॅमला. मुकुट असला तर शेफिल्डला. तिथे १९७५ पासून मुकुटाच्या जागी गुलाब आला. पुढे एक अक्षर असते, ते वर्ष सांगते. दरवर्षी अक्षर बदलायचे आणि अक्षरे संपली की लिपीचे वळण बदलून पुन्हा सुरुवात. राजाचे किंवा राणीचे डोके असले तर सरकारचा कर भरला आहे असे समजायचे. हा ठसा १७८४ ते १८९० पर्यंतच मिळतो. म्हणजे नुसत्या बोटभर झाकणावरून गाव, साल, कस आणि कर असा चौकोनी हिशेब लागतो.

ही पद्धत फार जुनी आहे. सन १३०० मध्ये इंग्लंडच्या राजाने ठरवून दिले की ठराविक कसाखालची चांदी विकायची नाही. १४७८ पासून लंडनच्या सोनारांच्या संघाच्या हॉलमध्ये माल आणून ठसा मारून घ्यावा लागे. हॉलमधला मार्क, म्हणून हॉलमार्क! आज आपल्या गल्लीतला सराफही हा शब्द वापरतो, पण तो कुठून आला हे त्याच्या पाटीवर लिहिलेले नसते.

या ठशांच्या ओळीत आणखी एक खूण असते: दोन-तीन इंग्रजी अक्षरे. लोक म्हणतात, ही कारागिराची खूण. आम्हीही आधी तसेच समजलो. पण ती बहुधा कारखान्याच्या मालकाची असते. ज्याने माल तपासायला पाठवला त्याचे नाव चांदीवर उमटते. ज्याने पत्रा ठोकून झाकण घडवले, ज्याने नक्षी कोरली, जिने घासून त्याला आरशासारखे केले, त्यांचे नाव कुठेही नाही. शंभर वर्षांनी भिंग लावून पाहा, नाही म्हणजे नाही.

लाकडाचेही असेच आहे. या पेट्या अक्रोड, महोगनी, शिसवी अशा लाकडांच्या असत, पण सगळ्यांत मानाचे लाकूड म्हणजे कोरोमंडल. नावावरूनच कळते की ते आपल्या बाजूचे. भारताच्या पूर्व किनाऱ्याचे नाव त्याला चिकटले, आणि त्यातले उत्तम लाकूड श्रीलंकेच्या जंगलातून जाई. काळ्या लाकडात तपकिरी पट्टे असलेली ही आबनुसाची जात. आणि गंमत पाहा, आपला तेंदू त्याच कुळातला! भंडारा-गोंदियाच्या आमच्या भगिनी ज्या झाडाची पाने खुडून विडीसाठी पुडके बांधतात, त्याच्याच चुलत भावकीतल्या लाकडाची पेटी लंडनच्या दुकानात मखमल लावून विकली जात होती.

दुकाने लंडनच्या बाँड स्ट्रीट, रिजंट स्ट्रीट, पिकॅडिली अशा बड्या रस्त्यांवर होती. ॲस्प्रे हे त्यांतले गाजलेले नाव. पण दुकानाच्या पाटीवर ज्याचे नाव, त्यानेच माल केला असे नाही. लंडनच्या पेंटनव्हिल रोडवर बेटजेमन आणि मुले या नावाचा कारखाना होता. तो या पेट्या तयार करून मोठ्या दुकानांना पुरवी. एकाच छपराखाली सुतार, चांदीकाम करणारे, कुलूपवाले, चामडे चिकटवणारे, अस्तर लावणारे अशी नाना कसबांची माणसे काम करीत. एक पेटी किती हातांखालून जात असेल ते मोजून पाहा.

या कारखान्याच्या मालकाला एकच मुलगा होता. त्याने गादी चालवावी अशी बापाची इच्छा. पण मुलाला कवितेचे वेड. त्याने कारखान्यात पाऊल टाकायचे नाकारले. बाप १९३४ मध्ये वारला आणि पुढे कारखाना बंद पडला. हा मुलगा म्हणजे इंग्लंडचा मोठा कवी जॉन बेटजेमन. १९७२ मध्ये त्याला राजकवीचा मान मिळाला. त्याने १९६० मध्ये स्वतःची कहाणी पद्यात लिहून प्रसिद्ध केली. तीत तो कारखाना आणि तिथली कामगार माणसे येतात, आणि त्यांना आपण वाऱ्यावर सोडले ही बोचही येते. आम्हाला हे विशेष वाटले. गिरण्या बंद झाल्यावर आमच्या परळ-लालबागच्या कामगारांविषयी कोणा गिरणीमालकाच्या मुलाने अशी बोच लिहून ठेवल्याचे आमच्या वाचनात आलेले नाही.

आता त्या चमकीची किंमत काय होती ते पाहू. काही झाकणांना आतून-बाहेरून सोन्याचा मुलामा असे. जुन्या रीतीने हा मुलामा द्यायचा तर सोने पाऱ्यात कालवून त्याचा लगदा चांदीला फासायचा आणि विस्तवावर धरायचे. पारा उडून जाई, सोने चिकटून राही. उडालेला पारा जाई कुठे? मुलामा देणाऱ्याच्या छातीत! हातपाय थरथरायला लागत, दात हलू लागत, जीभ अडखळे, आणि माणूस ऐन उमेदीत निकामी होई. आरशाचेही तेच. जुने आरसे कथील आणि पारा लावून करीत. जर्मनीतल्या फ्यूर्थ गावी आरसे करणारे कामगार पाऱ्याच्या विषाने पिढ्यान्‌पिढ्या खचले. १८३५ मध्ये लीबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेला थेट चांदी चढवण्याची युक्ती शोधली. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन घराण्याने विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याचे पेटंट घेतले. या दोन शोधांनी किती जीव वाचले असतील! अर्थात विजेच्या टाकीत सायनाइड असे, म्हणजे धोका अगदीच सरला असे नाही. पण मडमेच्या पेटीतला आरसा पाहताना हे कोणी सांगत नाही.

आणि शेवटची चमक? ती देत होत्या मुली. शेफिल्ड हे इंग्लंडचे सुऱ्या-काट्यांचे आणि चांदीच्या भांड्यांचे गाव. तिथे माल घासून चकचकीत करण्याचे काम बायका-मुलींकडे होते. त्यांना बफर गर्ल्स म्हणत. शाळा सुटली की तेरा-चौदाव्या वर्षी मुलगी कामाला लागे. पट्ट्याने गरगर फिरणाऱ्या चाकाला तेल आणि बारीक वाळू लावून त्यावर एकेक नग दाबून धरायचा. काळी राड अंगभर उडे. म्हणून त्या डोक्याला लाल फडके बांधीत, वरून पांढऱ्या मांजरपाटाचा झगा घालीत, आणि पोटाला-पायांना तपकिरी कागद व वर्तमानपत्रे गुंडाळून दोरीने आवळीत. कागद राडेने भरला की फेकायचा, दुसरा गुंडाळायचा. मजुरी नगावर. संध्याकाळी चेहरा इतका काळा की डोळे तेवढे दिसत. गावातले पांढरपेशे त्यांना उद्धट, तोंडाळ म्हणून नाके मुरडीत. पण त्या चाकापाशी मोठ्याने गाणी म्हणत काम करीत, आणि त्यांतल्या काही बायका पुढे स्वतःचा छोटा कारखाना काढून मालकीण झाल्या. रोथेनस्टाईन नावाच्या चित्रकाराने १९१९ मध्ये या मुलींचे चित्र काढले, ते शेफिल्डच्या संग्रहात आहे. म्हणजे ठशात नाही, पण रंगात तरी त्या उरल्या.

पेटी तयार झाली, विकली गेली. पुढे तिची राखण कोणी करायची? अर्थात मोलकरणीने. इंग्लंडात बाईसाहेबांच्या खास मोलकरणीचे एक वेगळे पद होते. १८६१ मध्ये मिसेस बीटन या बाईने घर चालवण्याचे एक जाडजूड पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात या मोलकरणीची कामे दिली आहेत. ब्रश कसे धुवायचे, हेसुद्धा आहे: गरम पाण्यात सोडा विरघळवायचा, आधी अडकलेले केस काढून टाकायचे, मग ब्रशाचे केस तेवढे पाण्यात बुचकळायचे, पाठ आणि मूठ भिजू द्यायची नाही. मूठ चांदीची किंवा हस्तिदंताची, ती खराब झाली तर जाब कोणाला विचारणार ते उघड आहे. बाईसाहेब पहिल्या वर्गाच्या डब्यात, मोलकरीण खालच्या वर्गात, आणि पेटी मोलकरणीच्या हातात. हमालाकडे द्यायची नाही, खाली ठेवायची नाही, नजरेआड होऊ द्यायची नाही.

पेटीला कुलूप नव्हते काय? होते, आणि ते मामुली नव्हते. चांगल्या पेट्यांना जोसेफ ब्रामा याचे कुलूप असे. त्याने १७८४ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढे दुकानाच्या खिडकीत एक कुलूप टांगून, हे उघडेल त्याला दोनशे गिनी बक्षीस, असे आव्हानच लावले. साठ वर्षे कोणाला जमले नाही. १८५१ मध्ये लंडनला मोठे जागतिक प्रदर्शन भरले तेव्हा हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ते उघडले, पण त्यालाही सोळा दिवस लागले. असे ते कुलूप! पण चोराला कुलूप उघडायची गरज काय? तो आख्खी पेटीच उचलतो.

डिसेंबर १८७४ मध्ये लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवर तेच झाले. डडलीच्या सरदारणीची दागिन्यांची पेटी मोलकरणीने क्षणभर फलाटावर ठेवली, आणि वळून पाहते तो पेटी नाही. १८९८ मध्ये सदरलंडच्या डचेसबाईंची पेटी पॅरिसला रेल्वेच्या डब्यातून अशीच गेली. त्या वेळी चोर सापडला, सात वर्षे तुरुंगात गेला, पण दागिने बहुतेक मिळाले नाहीत. वर्तमानपत्रांनी दागिन्यांच्या याद्या छापल्या, किमती छापल्या. पेटी हातातून गेली त्या बाईवर त्या रात्री काय गुदरले असेल, याची यादी कोण छापणार? मालकिणीची वस्तू हरवली की पहिली झडती कोणाच्या पिशवीची होते, हे दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या आमच्या भगिनींना आम्ही सांगायला नको.

याच्या उलटही घडले आहे. फ्रान्समध्ये क्रांती झाली, राजा-राणी पॅरिसमध्ये नजरकैदेत अडकले. त्यांनी गुपचूप पळायचे ठरवले. पण राणी मारी आंत्वानेत हिला आपली प्रवासाची शृंगारपेटी सोडवेना! बहिणीला भेट पाठवायची आहे अशी बतावणी करून तिने ती ब्रुसेल्सला पाठवण्याचा घाट घातला. राणीच्या पदरच्या मादाम काम्पां या बाईने आपल्या आठवणीत लिहिले आहे की कपड्यांच्या दालनातल्या एका नोकरबाईला त्यावरून संशय आला आणि तिने वर खबर दिली. जून १७९१ मध्ये राजघराणे पळाले आणि वारेन गावी पकडले गेले. पकडले जाण्याला इतर कारणेही झाली, सगळे पेटीवर ढकलणे बरोबर नाही. तरी राज्य जात असताना राणीचा जीव पेटीत अडकावा, आणि ते नेमके त्या नोकरबाईने ओळखावे, हे ध्यानात राहण्यासारखे आहे. राणीची अशी एक पेटी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आजही ठेवलेली आहे.

आता आपल्या बाजूला येऊ. या पेट्या मुंबईच्या बाजारात आल्या कशा? साहेबांच्या बायकांबरोबर. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला आणि विलायत-मुंबई प्रवास काही आठवड्यांवर आला. मडमा मुलाबाळांसह येऊ-जाऊ लागल्या, आणि त्यांच्या सोबतीला आया आली. आया हा शब्द आला पोर्तुगीज भाषेतून. १८८८ मध्ये फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोन मडमांनी हिंदुस्थानात घर कसे चालवावे यावर पुस्तक लिहिले, त्यात आयेच्या कामांचाही पाठ आहे. सवर्ण हिंदू बायका हे काम सहसा धरीत नसत. शिवाशिवीचा बाऊ नसलेल्या, पोटाने गांजलेल्या घरांतल्या बाया ते करीत.

काही आया मडमेबरोबर जहाजाने थेट विलायतेला जात. समुद्र लागून मडम बिछान्याला खिळे, तेव्हा मुले, सामान, पेटी, ओकाऱ्या, सगळे आयेच्या अंगावर. एका आयेच्या नावावर तर अशा ५४ खेपा नोंदल्या आहेत! पण लंडनला उतरल्यावर कित्येकींना तिथेच निरोप मिळे. परतीचे तिकीट नाही, भाषा येत नाही, अंगावर सुती लुगडे आणि बाहेर बर्फ. १९०८ मध्ये एका आयेला किंग्ज क्रॉस स्टेशनवर हातात एक पौंड देऊन सोडून दिल्याचे प्रकरण सरकारदरबारी गेले होते. अशा बायांसाठी लंडनमध्ये आयांचे घर होते. १९०० पासून ते हॅकनी भागात किंग एडवर्ड्स रोडवर २६ नंबरच्या इमारतीत होते. वर्षाला शंभराच्या आसपास आया तिथे राहत, आणि हिंदुस्थानात परतणारे एखादे कुटुंब मिळाले की त्याची मुले सांभाळत घरी येत. जून २०२२ मध्ये त्या इमारतीवर निळी पाटी बसली. भारतीय वंशाच्या एका तरुणीने त्यासाठी बरीच खटपट केली. लंडनला कामाला, शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींनी बाबासाहेबांचे किंग हेन्री रोडवरचे घर पाहून झाले की ही पाटीही पाहावी.

आणि आपल्या आयाबहिणींची चांदी? तिची गोष्ट वेगळीच होती. मडमेच्या झाकणावर नाव कोरलेले, मुकुट कोरलेला. ती चांदी सांगे की ही बाई मोठ्या घरची. आमच्या आज्या-पणज्यांच्या अंगावर चांदी असे ती जाडजूड, ओबडधोबड, नाही तर चांदीच्या नावाने कथील. तीही ओळख सांगे: ही बाई महारवाड्यातली. सोने घालायची सोय नव्हती आणि कुठे कुठे मुभाही नव्हती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेला जमलेल्या स्त्रियांपुढे बाबासाहेब बोलले, तेव्हा त्यांनी नेमके यावरच बोट ठेवले. गळ्यात गळसऱ्यांचा भार आणि हातात कोपरापर्यंत चांदीच्या नि कथलाच्या पाटल्या ही अस्पृश्यतेची ओळखखूण आहे, ती टाका, लुगडे नेसण्याची रीत बदला, असे त्यांनी सांगितले. आणि बायांनी ते तिथल्या तिथे मनावर घेतले. धातू एकच, पण एका बाईच्या पेटीवर तो मिरवायचा ठसा आणि दुसरीच्या मनगटावर डाग! हे कळायला आपल्याला बाबासाहेब लागले.

पुढे या पेट्यांचे दिवस फिरले. लाकडी पेटी दोन माणसांनी उचलायची. घोडागाडीत आणि नोकरचाकरांच्या जमान्यात ते खपून गेले. आगगाडी आली, मग मोटार आली, तशा हलक्या चामडी पेट्या निघाल्या, मगरीच्या कातड्याच्या, रंगीत मिनाकामाच्या झाकणांच्या. पहिल्या महायुद्धात इंग्लंडातल्या मोलकरणी कारखान्यांत आणि बसगाड्यांवर कामाला गेल्या आणि त्यांतल्या पुष्कळजणी परत मोलकरीण व्हायला आल्याच नाहीत. ओझे उचलणारी नसली की ओझे आपोआप हलके होते. शेवटी उरली ती हाताएवढी व्हॅनिटी केस. व्हॅनिटी म्हणजे पोकळ मिरवणे. इंग्रजांनी नाव मात्र खरे ठेवले. आपल्याकडे लग्नात रुखवतावर मांडतात ती आरशाची पेटी तिचीच नातवंड.

जुन्या पेट्यांतल्या कुप्या का हरवलेल्या असतात, याचेही उत्तर मिळाले. जानेवारी १९८० मध्ये जगात चांदीचा भाव एकाएकी भडकला. अमेरिकेतल्या दोघा धनाढ्य भावांनी साठेबाजी केली होती. तेव्हा कितीतरी ठिकाणी जुनी चांदी वजनावर विकून आटवली गेली. झाकणे भट्टीत गेली, काच फेकली गेली, लाकूड उरले. ज्या पेट्यांत हस्तिदंताच्या पाठीचे ब्रश आहेत त्यांच्यावर आता कायद्याची नजर आहे. इंग्लंडात २०१८ चा हस्तिदंत कायदा २०२२ पासून लागू झाला. १९४७ पूर्वीची आणि दहा टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेली वस्तूच नोंद करून विकता येते. आपल्या देशात हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. चोरबाजारात कोणी काही गळ्यात मारू लागला तर हे ध्यानात असू द्या.

जाता जाता घरच्या चांदीविषयी दोन गोष्टी, कारण भगिनी विचारतील. जर्मन सिल्व्हर म्हणून जे विकतात त्यात चांदी औषधालाही नसते. ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण. लोहचुंबकाला चिकटत नाही म्हणून चांदी, हेही खरे नाही. पितळसुद्धा चिकटत नाही. आपल्याकडे चांदीवर सरकारी हॉलमार्क २००५ पासून मिळतो, घेताना ९२५, ९९० असे आकडे पाहून घ्यावेत. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. राखेने वा रांगोळीने घासू नका, चरे पडतात आणि चांदीही झिजते. पातेल्यात ॲल्युमिनियमचा कागद अंथरा, त्यावर पैंजण ठेवा, कढत पाणी ओता आणि मोठा चमचाभर खाण्याचा सोडा टाका. काळेपणा निघतो. खडे जडवलेल्या किंवा सोन्याचा मुलामा असलेल्या दागिन्याला मात्र हे करू नये.

आमची पेटी, म्हणजे हार्मोनियम, दोन गल्ल्या पलीकडे मिळाली. भाता ठीक होता, दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नव्हत्या. पार्टीतल्या सुताराने त्या रात्रीच खोलून बसवल्या. तिच्या आत, पट्ट्यांखाली, पेन्सिलीने कोणा कारागिराचे नाव आणि साल लिहिलेले निघाले. ते पुसू नका, असे आम्ही त्याला सांगितले.